सोड म्हटल्यावर

गुडघे माणसाला दोनच मिळतात, आणि बस चालवणाऱ्याचा डावा आधी जातो. क्लच डाव्या पायाखाली असतो ना. सिग्नल लागला, दाबा. कुणी आडवं आलं, दाबा. थांब्यावर एखाद्या आजी चढायच्या असल्या तर दाबून धरा, कारण आजींना घाई नसते आणि नसावीच. दिवसभरात तो किती वेळा दाबला जातो ते वरचाच जाणे. आणि जो ड्रायव्हर उभी पंधरा वर्षं संध्याकाळी त्याच डाव्या पायावर उडी घेऊन बास्केटबॉल खेळलाय, त्याच्या गुडघ्याची चौकशी करू नये. उगाच दोघांनाही वाईट वाटतं, त्यालाही आणि गुडघ्यालाही.

या ड्रायव्हरला आगारात सगळे खांब म्हणत. उंचीच तशी होती. "खांबाला टेकू नका रे, तो झोपलाय," हा विनोद त्याच्या लग्नाआधीपासून चालत आला होता आणि अजूनही त्याला हसणारे निघत. आगाराच्या संघाचा तो कर्णधार होता.

शनिवारी पहाटे खांब पलंगाच्या कडेवर बसून डावा पाय सरळ करत होता. पाय एकदम सरळ होत नसे. आधी त्याची समजूत काढावी लागे.

"सोड आता," बायको म्हणाली.

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. घरात मलमांची कमतरता नव्हती, गुणाची होती.

"तीन मॅच राहिल्यात. फार तर."

"मागच्या वर्षी काय म्हणाला होतास?"

"फार तर दोन."

"मग?"

"एकच झाली. सेमीफायनलला हरलो ना."

"म्हणजे गेल्या वर्षीची एक शिल्लक ठेवलीयस होय," ती म्हणाली आणि मलमाची नळी शेपटीकडून गुंडाळत आणली. "सोड रे बाबा. माझ्यासाठी नको, त्या पायासाठी तरी सोड."

खांबाने पाय पुढे केला. बोलण्यासारखं एकच होतं आणि ते तिला माहीत होतं. शहरातल्या आठ खात्यांच्या या स्पर्धेत सगळ्या मॅच व्हायच्या सिमेंटच्या उघड्या कोर्टवर. सेमीफायनलसुद्धा. फक्त फायनल तेवढी मोठ्या सभागृहात, लाकडी फरशीवर. खांब ती फरशी एकदा पाहून आला होता. प्रेक्षक म्हणून गेला होता, आणि सगळे उठून गेल्यावर वाकून त्याने फरशीवर तळहात दाबला होता. लाकूड किंचित दबलं आणि परत वर आलं. सिमेंट असं कधी करत नाही. सिमेंटला तुम्ही जितकं देता तितकंच ते उलटं तुमच्या गुडघ्यात घालतं. तेव्हापासून त्याच्या मनात एवढंच होतं, की सोडायच्या आधी एकदा त्या लाकडावर उडी घ्यायची. कप नको, मेडल नको. त्या फरशीवर एक उडी.

पंधरा वर्षांत आगाराचा संघ फायनलला पोचला नव्हता.

दुपारी कॅन्टीनमध्ये वकिलाने टेबल मोकळं केलं. वकील म्हणजे कंडक्टर. प्रवाशांशी वाद घालून घालून ते नाव पडलं होतं, आणि तो वाद जिंकायचाही. त्याने समोर किटली ठेवली.

"ही किटली म्हणजे बँक. पहिल्या नंबरावर."

"बँक कसली किटली? काडीपैलवान आहेत सगळे," भोवरा म्हणाला. तिकीट खिडकीत बसणारा भोवरा कोर्टवर आला की स्वतःभोवती फिरायचा. कधी कधी त्यात बॉल कुठे आहे हेही विसरायचा.

"पहिली आहे म्हणून किटली. मध्ये बोलू नको. हा पाण्याचा जग, म्हणजे गोदी. दुसरी. आणि ह्या दोन बश्या, म्हणजे आपण आणि पाणीपुरवठा. दोघांचे गुण सारखे. उद्या शेवटची मॅच आपली आणि त्यांचीच. जिंकेल तो तिसरा, हरेल तो चौथा. पुढे दोघंही जाणार. पाचवा तो बघ तिकडे." त्याने मिठाची डबी टेबलाच्या पार टोकाला ढकलली. "त्याला आता देवसुद्धा वर आणू शकत नाही."

"मग जिंकू की."

"ऐक माझ्या राजा. सेमीला पहिल्याची गाठ चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी. तू उद्या जिंकलास, तिसरा आलास, तर तुझी गाठ कोणाशी?" आणि वकिलाने पाण्याचा भरलेला जग उचलून बशीवर ठेवला. बशी कुरकुरली.

गोदीच्या संघात क्रेन होता. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक, बाकी शहराला क्रेनच ठाऊक. मोसमाच्या सुरुवातीला त्याचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, म्हणून गोदी चार मॅच हरली आणि म्हणूनच दुसरी होती. नाहीतर किटली तीच असती. गेल्या वर्षी सेमीफायनलला हाच क्रेन खांबाच्या गुडघ्यावर पडला होता. मुद्दाम नव्हे. पडायला त्यालाही कुठेतरी जागा हवीच होती.

"आणि बँकेला आपण या वर्षी दोनदा हरवलंय," वकील म्हणाला. "दुसऱ्यांदा तर खांब सकाळची ड्यूटी करून आला होता, अर्धा झोपेत होता. झोपेत हरवलं त्यांना."

"म्हणजे," भोवरा बोटं मोडत म्हणाला, "उद्या जिंकलो तर हरलो. आणि हरलो तर जिंकलो."

"आत्ता उजाडलं याच्याकडे."

तेवढ्यात फोरमन आला. वर्कशॉपचा फोरमन, आणि संध्याकाळी संघाचा प्रशिक्षक. चिंधीने हात पुसत तो टेबलापाशी उभा राहिला, किटली पाहिली, जग पाहिला, जगाखालची बशी पाहिली. समजायला त्याला वेळ लागला नाही. आयुष्यभर आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखलं होतं.

"मी जन्मात कुणाला हरायला शिकवलं नाही," तो म्हणाला. "कसं शिकवतात तेही ठाऊक नाही."

"शिकवायचं काय त्यात? आपल्याला जमतं ते," भोवरा म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

"फोरमनसाहेब, त्याच्या पायाकडे बघा," वकील म्हणाला. "क्रेनसमोर हा उभा राहिला तर उचलूनच आणावा लागेल. बँकेविरुद्ध गेलो तर हा माणूस फायनलला जातो. फायनलला, साहेब! लाकडावर!"

फोरमनने खांबाकडे पाहिलं. "तू बोल. कर्णधार तू आहेस."

खांब पहाटेपासून चाकावर होता. डोळ्यांत वाळू असल्यासारखं होत होतं. टेबलावरची बशी आपणच आहोत असं त्याला वाटलं, आणि तो जग खाली कुणीतरी काढावा असं वाटलं.

"हरू या," तो म्हणाला.

फोरमन बराच वेळ एकच बोट पुसत राहिला. ते बोट केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"बरं," तो म्हणाला.

आता घरात दोन बहिणी असल्या की कुठलं गुपित कुठे राहतं? खांबाच्या बायकोची धाकटी बहीण पाणीपुरवठ्याच्या कर्णधाराला दिलेली होती. म्हणजे खांबाचा साडूच तो. दोघं साडू एकमेकांना अगदी अहोजाहो करत, आणि कोर्टवर कोपर मारतानासुद्धा 'माफ करा हं' म्हणत.

शनिवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. खांब शेजारीच बसला होता, त्यामुळे त्याला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"ताई, एक विचारू? रागावू नको. उद्या तुमच्याकडे पण हरायचंय का गं?"

ताईने खांबाकडे पाहिलं. खांबाने छताकडे पाहिलं.

"'पण' म्हणजे?" ताई म्हणाली.

मग एकदम दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता धाकटी म्हणाली, "अगं, ह्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. एक तेवढा नवीन प्लंबर आहे, त्याला सांगितलं नाही. तो फार सरळ आहे. त्याला सांगितलं तर तो जाऊन पंचांनाच विचारेल, असं चालतं का म्हणून."

"आणि बाबा यायचे म्हणतायत मॅचला," ताई म्हणाली.

"अरे देवा."

बाबा म्हणजे दोघींचे वडील. ऐकू कमी यायचं, त्यामुळे बोलायचे मोठ्याने. दोन्ही जावई समोरासमोर खेळताना त्यांनी कधी पाहिले नव्हते.

रविवारी संध्याकाळी सिमेंट दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होतं. बाबांना पायऱ्यांवर सगळ्यात खाली, दोन मुलींच्या मध्ये बसवलं होतं. शिट्टी झाली आणि सुरू झाली ती मॅच अशी होती, की पाहणाऱ्याला वाटावं दोन्ही संघ आजारी माणसाच्या घरात खेळतायत. कुणी धावेना, कुणी ओरडेना. भोवऱ्याने लांबून बॉल टाकला तो बोर्डाच्याही पलीकडे गेला, आणि त्याला आणायला पाणीपुरवठ्याचे दोघं इतक्या आनंदाने गेले की परतच येईनात. साडूने रिंगखाली एकटा असताना बॉल मागे पास केला. मागे कुणी नव्हतं.

"कोण जिंकायचा प्रयत्न करतंय गं?" बाबांनी विचारलं. सगळ्या कोर्टने ऐकलं.

"कोणीच नाही, बाबा."

"मग मला घरी पंख्याखाली का नाही बसू दिलंत?"

खेळत होता एकटा प्लंबर. नोकरीत नवा, वयाने नव्हे. चांगला पोक्त माणूस होता, आणि अंगात नळ उघडा सोडल्यासारखा जोर. बॉल मिळाला की तो सरळ जायचा आणि टाकायचा. त्याने टाकला की त्याचेच सोबती कपाळाला हात लावायचे. मग बरोबरी राखायला, आणि अगदीच उघडं दिसू नये म्हणून, आगारवाल्यांनाही अधूनमधून टाकावा लागायचा. असं करत करत गुण दोन्हीकडे सारखेच सरकत होते, वृद्ध जोडप्याने हात धरून जिना चढावा तसे.

मध्यांतरात पंचांनी दोन्ही कर्णधारांना बोलावलं. पंच एका शाळेतले व्यायामशिक्षक होते आणि खोड्या ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"हे बघा," ते म्हणाले, "मी गेल्या आठवड्यात मुलींची मॅच केली, बारा वर्षांखालच्या. त्या हरल्यावर रडल्या. तुम्ही मात्र जिंकण्याच्या भीतीने रडायला आलायत. सरळ खेळा, नाहीतर दोघांनाही बाद करतो आणि तो पाचवा आहे ना, त्याला वर घेतो."

"सर, आम्ही दमलोय," खांब म्हणाला. हे मात्र खोटं नव्हतं.

"दमलात तर दमल्यासारखं खेळा. मेल्यासारखं नको."

त्यामुळे दुसऱ्या अर्ध्यात खेळावं लागलं. निदान धावावं लागलं. खांबाचा गुडघा आतून कढत पाणी भरल्यासारखा झाला. प्रत्येक उडीनंतर सिमेंट आपलं देणं परत करत होतं. बायको पायरीवरून त्याच्याकडे पाहत होती, आणि तिचे ओठ हलले तरी ती काय म्हणाली ते त्याला ऐकायची गरज नव्हती.

शेवटी शेवटी गुण सारखे, बॉल आगाराचा, आणि वेळ अगदी थोडा उरलेला. फोरमनने टाइमआउट घेतला. सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसले. खांब उभाच राहिला, कारण बसला असता तर उठला नसता.

"बरोबरीत संपली तर जादा वेळ," फोरमन म्हणाला. "बास्केटबॉलला बरोबरी चालत नाही. आणि जादा वेळ झाला, की याचा पाय आज इथेच राहील. म्हणजे काय ते आत्ताच उरकायचं." त्याने कुणाच्याही डोळ्यांत न बघता सांगितलं, "बॉल खांबाकडे द्या. त्यांचा प्लंबर डाव्या बाजूला असेल. तो एकटाच टाकणारा आहे त्यांच्यात. खांब, मी 'सोड' म्हटलं की बॉल सोड. निसटला असं दिसू दे, त्या बाजूला. प्लंबर घेईल, पळेल, टाकेल. संपलं."

"कळलं," खांब म्हणाला.

"सगळ्यांना कळलं?"

सगळ्यांना कळलं. कळण्यासारखंच सोपं होतं ते.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. फोरमन हा इंजिनांचा माणूस. बास्केटबॉल शिकवायला त्याच्याकडे फार शब्द नव्हते, खरं तर एकच होता. खांब आगारात नवा लागला तेव्हा उडी घ्यायचा आणि बॉल हातात घेऊनच खाली यायचा, जसं काही तो परत जमा करायचा आहे. तेव्हा रोज ड्यूटी संपल्यावर फोरमन रिंगखाली उभा राहायचा, हाताला वंगण तसंच, आणि सांगायचा, "उडीच्या टोकाला एक क्षण असतो. वर जाणं संपलेलं असतं, खाली येणं सुरू झालेलं नसतं. त्या क्षणी काही वजन नसतं रे माणसाला. तेव्हा सोड." आणि मग खांब उडी घेई, आणि खालून फोरमन ओरडे, "सोड!" दिवस गेले, वर्षं गेली. खांबाच्या केसांत पांढरं आलं, फोरमनच्या केसांत दुसरं काही उरलं नाही. शब्द तोच राहिला.

शिट्टी झाली. बॉल खांबाकडे आला. समोर साडू येऊन उभा राहिला, हात नावाला वर, बाकी रस्ता मोकळा.

"या," साडू पुटपुटला. "मान तुमचा. थोरले जावई तुम्ही."

"छे छे. तुम्हीच घ्या."

"असं कसं? लवकर करा, पंच बघतायत."

डाव्या बाजूला प्लंबर गुडघ्यांवर हात टेकून टपून बसला होता. खांबाने त्याला पाहिलं. दोन पावलांवर होता. फक्त बोटं सैल करायची होती. त्याने मनात ती सैल करूनसुद्धा ठेवली.

"सोड!" फोरमन ओरडला.

आधी पायाने ऐकलं. डोक्यापर्यंत शब्द पोचेस्तोवर डावा पाय सिमेंटवरून निघाला होता, गुडघ्यात काहीतरी जळून गेलं होतं, आणि खांब वर होता. साडू अवाक होऊन खालून बघत राहिला. टोकाला तो क्षण आला. वजन गेलं. दिवसभराचा क्लच, आजी, सिग्नल, किटली, जग, काही काही नव्हतं. आणि बॉल हातातून सुटला.

बोटांनाच कळलं तो कुठे जाणार. बॉलकडे 'नको' म्हणून बघायची खांबाची ही पहिलीच वेळ. बॉलला काय, तो रिंगेत गेला. लोखंडी साखळ्यांची जाळी छन्न वाजली, आणि लगेच शेवटचा भोंगा.

मग एकटे बाबा उठून टाळ्या वाजवायला लागले.

"वा, जावईबापू, वा! आत्ता कुठे मॅच सुरू झाली!"

खांब बाकावर बसला तो पाय समोर ठेवून. वकील डोकं धरून येरझाऱ्या घालत होता.

"साधं हरता येत नाही!" तो हवेला सांगत होता. "सगळं मांडून दिलं, बशीत घालून दिलं! हरता येत नाही माणसाला!"

"तू गप," भोवरा म्हणाला. "कसला गेला पण तो!"

फोरमन येऊन खांबाच्या शेजारी बसला. दोघंही रिंगकडे बघत होते. साखळ्या अजून थोड्या हलत होत्या.

"मी काय म्हणालो होतो?" फोरमनने विचारलं.

"सोड."

"मग?"

"सोडला."

फोरमनने तोंडावरून हात फिरवला. "चूक माझीच," तो म्हणाला. "इतकी वर्षं एक अर्थ ओतला तुझ्यात. आणि आज एका टाइमआउटात दुसरा घालायला गेलो."

"दुसरा शब्द घ्यायचा होतात. 'टाक' म्हणायचं, 'जाऊ दे' म्हणायचं..."

"मला दुसरा येतो कुठे रे?" फोरमन म्हणाला. "लाकूड होतं तुझं तिथे. माझ्या तोंडाने गेलं."

"जाऊ द्या."

"हं. हा शब्द चांगला आहे. आधी सुचायला हवा होता."

साडू आला. टॉवेल उगाचच पिळत उभा राहिला, टॉवेल कोरडाच होता.

"अभिनंदन म्हणू की सांत्वन करू?"

"काहीतरी एक करा आणि बसा."

साडू बसला. "तुमची बँक आम्हाला मिळाली. मला बरं वाटत नाहीये, खरं सांगतो. वाटतंय, पण बरं नाही वाटत."

खांबाला त्याचं हसू आलं. दमलेलं, अर्धं. "त्यांचा तो डावखुरा आहे ना," तो म्हणाला, "तो उजवीकडे जाईल असं दाखवतो आणि प्रत्येक वेळी डावीकडूनच जातो. प्लंबरला त्याच्यावर ठेवा. आणि प्लंबरला सगळं खरं खरं सांगा या वेळी."

"सांगतो." साडूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही गोदीला हरवा, साडूभाऊ. मग लाकडावर भेटू. तिथे मान मी घेईन."

घरी जाताना खांब आणि बायको हळूहळू चालले. एरवी या रस्त्याने ती चार पावलं पुढे असायची. आज शेजारून चालत होती.

"मुद्दाम?" तिने विचारलं.

"नाही गं. फायनल हवी होती मला. तुला माहितीय."

"मला माहितीय म्हणूनच विचारलं. चुकूनच?"

खांबाने विचार केला. जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबावंच लागलं, तेव्हा पुन्हा विचार केला. "चुकून म्हणावं तर," तो म्हणाला, "इतकं नीट दुसरं काही या वर्षात माझ्या हातून झालं नाही."

ती 'सोड आता' म्हणेल म्हणून तो वाट बघत होता. उरलेला जिना तिने त्याला आधार देऊन चढवला, पण ते म्हणाली नाही.

आठवडा नेहमीसारखाच गेला. सिग्नल लागले, आजी चढल्या, उतरल्या. कॅन्टीनमध्ये वकिलाने पाण्याचा जग पुन्हा बशीवर ठेवला नाही, बाजूला लांब ठेवला, आणि कुणी पाणी मागितलं तर स्वतः ओतून दिलं. संध्याकाळी सरावाला फोरमन रिंगखाली उभा राहिला, पण खांबाला उड्या घेऊ दिल्या नाहीत. "जपून ठेव," एवढंच म्हणाला. भोवऱ्याला मात्र दमेपर्यंत पळवलं. त्याच्यावरही फोरमन तोच एक शब्द ओरडत होता, आणि भोवरा त्याला आता एकच अर्थ लावत होता.

गोदीशी सेमीफायनल रविवारी होती. सकाळी खांब पलंगाच्या कडेवर बसला. बायको जमिनीवर बसून त्याच्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती, दुकानातल्या सवयीने, एकावर एक नीट, मध्ये सुरकुती नाही. क्रेन आज असणार होता. आगार बहुधा हरणार होतं. हे तिला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, गुडघ्याला तर सगळ्यात आधी ठाऊक होतं.

"एक सांगू?" तिने मान वर न करता विचारलं.

"सांग. सोड म्हणशील."

"तेच सांगते. दमलास की तू खांद्यापासून सोडतोस. गेली तीन वर्षं बघतेय मी. त्या क्रेनसमोर तसा सोडलास तर तो थोबाडीत मारल्यासारखा बॉल परत देईल तुला. डोक्यावरून सोड. त्या दिवशी सोडलास तसा."

खांब तिच्या भांगाकडे बघत राहिला. "तुला हे कधीपासून कळायला लागलं?"

"इतकी वर्षं त्या सिमेंटच्या पायऱ्यांवर काय झोपायला येते मी?" तिने पट्टीचं टोक दातात धरून फाडलं आणि गाठ मारली. "माझी पाठ कोणी विचारतं का?"

"आज उशी घेऊन ये."

"दोन घेणार आहे. बाबा येतायत. थोरल्या जावयांची मॅच आता चुकवणार नाहीत म्हणे."

गाठ घट्ट बसली. खांबाने पाय सरळ करायला घेतला. तो एकदम झाला नाही. बायकोने तळव्याखाली हात दिला, आणि दोघं मिळून त्याची समजूत काढायला लागले.